गोळी घेतली की मळमळतं? औषधं, तंबाखू, फवारणी आणि उलटीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरात पूर्व भागातल्या एका मेडिकलच्या काउंटरवर १४ वर्षं उभी आहे, फार्मसीचा डिप्लोमा झाला आणि इथेच लागले. आमच्याकडे मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी सगळं चालतं, पण वांती म्हटलं की सगळ्यांनाच कळतं. कुणी म्हणतं मळमळतंय, कुणी ढवळतंय, कुणाला नुसते उमासे येतात, कुणी एवढंच सांगतं की कसंतरी होऊलालंय, आणि शेवटी सगळ्यांचं मागणं एकच, "पित्ताची गोळी द्या." मी आधी विचारते की सध्या दुसरं काय काय चालू आहे, तर काही लोक वैतागतात, मागे रांग असते, पण कितीतरी वेळा उत्तर तिथेच सापडतं. तेच तेच प्रश्न रोज येतात म्हणून एकदा नीट लिहून ठेवते. डॉक्टरांच्या ऐवजी हे वाचू नका, पण डॉक्टरांसमोर बसल्यावर काय सांगायचं ते यातून कळेल.

गोळीने मळमळतं म्हणजे पित्तच झालं ना?

नेहमीच नाही. औषधाने उलटी होते ती साधारण दोन वाटांनी. पहिली वाट पोटातली, औषध पोटाच्या अस्तराला लागतं, आतड्यातल्या पेशी सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतात आणि तिथली नस ती खबर मेंदूला देते. दुसरी वाट रक्तातून. मेंदूच्या खालच्या भागात एक बारीकशी जागा आहे, तिथे रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा पातळ असतो आणि त्या जागेचं कामच हे की रक्तात काही विषारी आलंय का बघायचं, आलं असेल तर उलटी करवायची. औषध म्हणून घेतलेलं असो नाहीतर विष असो, तिला फरक कळत नाही.

म्हणून तर इंजेक्शनने किंवा सलाईनमधून औषध दिलं, पोटात काहीच गेलं नाही, तरी माणूस ओकतो. आणि या दुसऱ्या वाटेच्या उलटीला ॲसिड कमी करणारी पित्ताची गोळी कितीही घ्या, उपयोग होत नाही.

नेमक्या कुठल्या औषधांनी जास्त मळमळतं?

यादी लांब आहे, काउंटरवर रोज जे दिसतं ते सांगते.

सगळ्यात आधी दुखण्याच्या गोळ्या. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन. आमच्या भागात कापड विणायच्या लूमवर बारा-बारा तास उभं राहून पाय भरून येतात, मग रोज संध्याकाळी एक गोळी, चिठ्ठी बिठ्ठी काही नाही, असं वर्षानुवर्षं चालतं. या गोळ्या पोटाचं अस्तर सांभाळणारी यंत्रणाच कमी करतात, त्यातून आधी मळमळ, जळजळ आणि पुढे अल्सर. उलटीत चहाच्या चोथ्यासारखं काळपट काही दिसलं किंवा संडास डांबरासारखी काळी झाली तर आत रक्त जातंय असं समजा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. ट्रामाडॉल किंवा कोडीन असलेली औषधं मात्र मेंदूच्या वाटेने मळमळ आणतात, पहिले काही दिवस जास्त, त्यात चक्करही.

अँटिबायोटिकमध्ये एरिथ्रोमायसिन आणि अझिथ्रोमायसिन, ही आतड्यांना जोरात हलवतात, इतकं की पोट सुस्त झालेल्या पेशंटला एरिथ्रोमायसिन कधीकधी त्यासाठीच देतात. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घेतलं तर कमी त्रास देतं. डॉक्सिसायक्लिन पूर्ण ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायचं आणि नंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर गोळी अन्ननलिकेत चिकटून बसते आणि छातीत असं जळतं की लोकांना हार्ट अटॅक वाटतो. मेट्रोनिडाझोलने तोंडाला धातूसारखी चव येते, आणि ते चालू असताना दारू घेतली तर मळमळ-उलटी, चेहरा लाल होणं, धडधड असं होऊ शकतं, म्हणून कोर्स चालू असताना आणि संपल्यावरही तीन दिवस दारू नको.

दम्याची थिओफायलिन, गाऊटची कोल्चिसिन, वजन आणि शुगरसाठी आलेली सेमाग्लुटाइडची इंजेक्शनं (ही पोट रिकामं व्हायचा वेग कमी करतात, म्हणून दोन घासात पोट भरल्यासारखं होतं आणि जास्त खाल्लं की उलटी), सगळ्यांनी मळमळतं. डिप्रेशनच्या एस्सिटालोप्रामसारख्या गोळ्यांनी पहिला एक-दोन आठवडे मळमळतं आणि मग बहुतेकांचं आपोआप थांबतं, पण लोक नेमके पाचव्या दिवशी गोळी सोडतात, गुण यायच्या आधीच.

एक औषध मुद्दाम वेगळं सांगते. संधिवाताला मेथोट्रेक्सेट देतात ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं गेलं तर तोंड येतं, उलट्या होतात, रक्तातल्या पेशी कमी होतात, जीव जाऊ शकतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या स्ट्रिपवर पेनने वार लिहून ठेवा.

शुगरची गोळी चालू झाल्यापासून जेवणावरची वासनाच गेलीय, काय करू?

मेटफॉर्मिन असेल तर हे फार कॉमन आहे. मळमळ, पोटात गुरगुर, पातळ संडास, तोंडाला कडवट चव. डॉक्टर सहसा ५०० मिलिग्रॅमपासून सुरू करून हळूहळू वाढवतात ते यासाठीच. गोळी जेवणाबरोबर किंवा लगेच जेवून घ्यायची. तरी जमत नसेल तर हळूहळू विरघळणारी, नावापुढे एसआर किंवा एक्सआर लिहिलेली येते, ती बदलून मागा, बऱ्याच जणांना मानवते. ती चावायची नाही की कुटायची नाही.

इथे माझ्या घरची गोष्ट सांगते. माझ्या आईने पस्तीस वर्षं विड्या वळल्या, शुगर आहे. मागच्या उन्हाळ्यात तिला मळमळ सुरू झाली, सकाळी चहासुद्धा नको म्हणायची. आम्ही म्हटलं ऊन लागलं असेल, पारा ४३ वर गेलेला, पन्हं दिलं, धने-जिऱ्याचं पाणी दिलं, मीच दुकानातून पित्ताच्या गोळ्या नेल्या. तीन आठवडे असंच चाललं, साडी अंगावर सैल झाली. एका रात्री लाइट गेली होती, मी मोबाइलच्या उजेडात तिची औषधाची पिशवी उपसली आणि स्ट्रिपा उलट्या करून मागचं बारीक अक्षर वाचलं. एकीवर मेटफॉर्मिन ५००, रोज दोन. दुसरी माझ्या बहिणीने तिला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हाची, नाव वेगळं, कंपनी वेगळी, रंग वेगळा, आत मेटफॉर्मिन १००० आणि ग्लिमेपिराइड, तीही रोज दोन. आई दोन्ही घेत होती, दिवसाला ३००० मिलिग्रॅम. पहिल्या डॉक्टरांना दुसरे माहीत नव्हते, दुसऱ्यांना पहिली गोळी कुणी दाखवली नव्हती. सकाळी शुगर तपासली तर ७२, वरून खाणं नाही, म्हणजे रात्री झोपेत काहीही झालं असतं. दिवसभर मी लोकांच्या चिठ्ठ्या वाचते आणि घरातली पिशवी तीन आठवडे उघडली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

डॉक्टरांनी किडनीची तपासणी करून एकच गोळी ठेवली, जेवणानंतर. आठवड्यात ती स्वतः भाकरी मागून खायला लागली.

म्हणून स्ट्रिपच्या पुढचं मोठं नाव बघू नका, मागे किंवा खाली बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं ते बघा. आणि शुगरची गोळी चालू असताना जुलाब-उलट्या लागल्या, पाणीसुद्धा पोटात राहत नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, शरीर कोरडं पडलेलं असताना मेटफॉर्मिन बऱ्याचदा थोडे दिवस थांबवावं लागतं.

गरोदरपणात लोहाची लाल गोळी घेतली की उलटी होते, सोडली तर चालेल का?

सोडू नका, वेळ बदला. सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, चौथ्या महिन्यापासून १८० दिवस घ्यायची असते. उपाशीपोटी लोह अंगी जास्त लागतं हे खरं, पण ओकून टाकलेली गोळी कुणाच्याच अंगी लागत नाही, त्यामुळे रात्री जेवल्यावर झोपायच्या आधी घ्या. बरोबर चहा किंवा दूध नको, लिंबूपाणी चालेल. संडास काळी होईल, घाबरू नका, ती लोहामुळे होते. तरीही जमलं नाही तर आशाताईंना किंवा डॉक्टरांना सांगा, दुसऱ्या प्रकारचं लोह मिळतं.

एक मात्र हात जोडून सांगते, ही गोळी लाल, गोड आवरणाची, लहान पोरांना चॉकलेट वाटते. पोराने चार-पाच खाल्ल्या तर आधी उलट्या होतात, मग काही तास पोरगं खेळायला लागतं, आईला वाटतं बरं झालं, आणि नंतर लिव्हर आणि रक्तदाब कोसळतो. मधल्या त्या बऱ्या वाटण्याला फसू नका. मोजून बघा किती कमी आहेत आणि पोराला घेऊन निघा.

पॅरासिटामॉलचंही असंच. जास्त झालं की पहिल्या दिवशी थोडी मळमळ, दुसऱ्या दिवशी बरं, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ. यावर चांगलं औषध आहे, पण ते पहिल्या आठ तासांत दिलं तर सगळ्यात चांगलं लागू पडतं. बाळांच्या बाबतीत चूक होते ती थेंब आणि सिरपमध्ये, थेंबाच्या बाटलीत साधारण एक मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असतं आणि सिरपच्या पाच मिलिलिटरमध्ये १२५ किंवा २५०. सिरपच्या चमच्याच्या मापाने थेंब पाजले की डोस कुठल्या कुठे जातो.

गोळी घेतली आणि लगेच उलटी झाली, परत घ्यायची का?

उलटीत अख्खी गोळी दिसली किंवा पंधरा-वीस मिनिटांतच उलटी झाली तर औषध पोटात राहिलं नाही असं धरतात, पण परत घ्यायची की नाही ते औषधावर आहे, आधी फोन करून विचारा. तासाभराने झाली असेल तर सहसा परत घेत नाहीत. शुगरची, हार्टची, रक्त पातळ करायची, फिटची गोळी असेल तर स्वतःच्या मनाने दुसरा डोस अजिबात नाही.

मुली हा प्रश्न काउंटरवर हळू आवाजात विचारतात तो इमर्जन्सी गर्भनिरोधक गोळीबद्दल, म्हणून इथे उघड लिहिते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. ती घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी घ्यावी लागते.

टीबीच्या गोळ्यांनी उलट्या होतात, किती दिवस सहन करायचं?

टीबीचं औषध निदान सहा महिने असतं आणि पहिले काही आठवडे मळमळ होते, ती बऱ्याच जणांची थोडंसं खाऊन गोळ्या घेतल्यावर कमी होते. लघवी केशरी होते ती रिफॅम्पिसिनमुळे, ती चालते.

पण भूक पूर्ण मेली, उलट्या थांबत नाहीत, उजव्या बरगडीखाली दुखतं, डोळे पिवळे दिसतात, अशावेळी तो लिव्हरला झालेला त्रास असू शकतो. आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि पिराझिनामाइड या तिन्हींनी लिव्हरवर परिणाम होतो. त्याच दिवशी टीबीच्या सेंटरला किंवा सिव्हिलला जाऊन लिव्हरची रक्ततपासणी करून घ्या, पुढचा डोस घ्यायचा का तेही तिथेच विचारा. दारू पिणाऱ्यांना हा धोका जास्त. डॉक्टर औषधं थांबवून एकेक करून परत चालू करतात. जे लोक उलटीला कंटाळून कुणाला न सांगता औषध सोडून देतात त्यांचा टीबी परत येतो आणि पुढे त्याच गोळ्यांना जुमानत नाही, असे दोन तरुण माझ्या डोळ्यासमोर आहेत, दोघेही लूमवरचे.

केमोला जायचंय, उलट्यांचीच जास्त भीती वाटते.

बार्शीला किंवा पुण्या-मुंबईला केमोला जाणाऱ्या घरांतून हे हमखास येतं, आणि भीती जुन्या काळच्या आठवणींची असते. ऑन्डान्सेट्रॉन हे औषध १९९० च्या सुमाराला आलं आणि तेव्हापासून चित्र बरंच बदललं. मी वर म्हटलं ना, आतड्यातून सेरोटोनिन सुटतं, त्याचीच खबर हे औषध अडवतं. सिस्प्लॅटिनसारख्या जास्त उलटी करणाऱ्या केमोला त्याच्याबरोबर डेक्सामेथासोन, ॲप्रेपिटंट, ओलान्झापिन असं एकत्र देतात. केमोची उलटी पहिल्या २४ तासांत होते ती वेगळी आणि दुसऱ्या दिवसापासून पाचव्या दिवसापर्यंत होते ती वेगळी, म्हणून घरी दिलेल्या गोळ्या उलटी झाल्यावर घ्यायला ठेवू नका, सांगितलेल्या दिवसांपर्यंत बरं वाटलं तरी घेत राहा. मागच्या वेळी फार त्रास झाला असेल तर पुढच्या वेळी हॉस्पिटलच्या दारात पाय टाकताच पोट ढवळतं, हे मनाचे खेळ म्हणून पेशंटला गप्प करू नका, ते खरंच होतं आणि त्यालाही गोळी आहे.

आजोबांना हार्टची गोळी चालू आहे आणि चार दिवस जेवत नाहीत, पित्ताची गोळी देऊ का?

आधी गोळीचं नाव वाचा. डिगॉक्सिन असेल तर थांबा. हे औषध डिजिटॅलिस नावाच्या झाडापासून आलं, विल्यम विदरिंग नावाच्या इंग्रज डॉक्टरने १७८५ साली त्यावर लिहिलं तेव्हाच उलटी आणि पिवळं-हिरवं दिसणं ही जास्त डोस झाल्याची लक्षणं म्हणून नोंदवली होती. उपयोगी डोस आणि जास्त डोस यात अंतर फार कमी आहे. किडनी मंदावली, लघवीच्या गोळीने पोटॅशियम उतरलं, उन्हाळ्यात पाणी कमी पडलं, की तोच रोजचा डोस अंगावर येतो आणि म्हाताऱ्या माणसात पहिलं लक्षण फक्त जेवण नको वाटणं एवढंच असू शकतं. नाडी मंद किंवा वेडीवाकडी लागत असेल तर लगेच न्या. मनाच्या आजारासाठी लिथियम चालू असलेल्यांचंही असंच, सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये घाम जाऊन शरीर कोरडं पडलं की उलटी आणि हाताला कापरं सुरू होतं.

विड्या वळताना चक्कर येते, मळमळतं. हे तंबाखूमुळे का?

असू शकतं, आणि याबद्दल आमच्या बायका कुणाला सांगतच नाहीत कारण सगळ्यांनाच होतं. निकोटिन फक्त ओढून किंवा चघळूनच अंगात जातं असं नाही, ओल्या कातडीतूनही जातं. तंबाखूच्या शेतात ओली पानं तोडणाऱ्या मजुरांना मळमळ, उलटी, चक्कर, डोकेदुखी होते हे जगभर माहीत आहे. आपल्याकडे भिजवलेलं पान कापून त्याच ओलसर हातांनी सुपातल्या तंबाखूत दिवसभर बोटं फिरतात, वर बंद खोलीत बारीक धूळ नाकात. आई सांगते की नवीन पोरगी वळायला बसली की पहिले काही दिवस तिला कोरडे उमासे यायचेच, मग "सवय झाली" म्हणायचे.

दार-खिडकी उघडी ठेवून बसा, मधे मधे हात साबणाने धुऊन कोरडे पुसा, त्याच हाताने भाकरी मोडू नका, तोंडाला पदर किंवा मास्क बांधा, आणि तान्हं बाळ सुपाजवळ झोपवू नका. आणि मिशरी. सकाळी उपाशीपोटी मिशरी लावायची, अर्धा तास तोंडात धरायची, मग मळमळलं की पित्त म्हणायचं, असं असंख्य घरांत चालू आहे. गरोदर बाई असेल तर त्या ओकाऱ्या नुसत्या डोहाळ्यांच्या समजू नका, मिशरीबद्दल डॉक्टरांना सांगा, त्या रागावल्या तरी सांगा, कारण बाळाचं वजन कमी भरतं. घरातल्या लहान पोराने तंबाखू, मावा किंवा विडीचं थोटूक गिळलं आणि उलटी झाली तर घरी वाट बघू नका.

डाळिंबावर फवारणी करून आल्यावर उलट्या होतात, ताक-लिंबू पाजलं तर उतरेल का?

नाही उतरणार. मोहोळ, सांगोला, पंढरपूरकडचे लोक येतात, एकदम भरपूर बागा, वर्षाला कितीतरी फवारण्या. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक कातडीतून आणि श्वासातून आत जातं, मग उलटी, तोंडाला लाळ, दरदरून घाम, डोळ्यांतून पाणी, डोळ्यांतली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, छाती भरून येणं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले.

उलटी सुरू झाली की काम थांबवा, भिजलेले कपडे तिथल्या तिथे काढा, अंग-केस साबणाने भरपूर पाण्याने धुवा, धुणाऱ्याने हातमोजे घाला, १०८ ला फोन करा आणि डबा किंवा लेबल बरोबर घ्या. लेबलवरचा त्रिकोण बघा, लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, हिरवा सगळ्यात कमी. ॲट्रोपिन हा त्यावरचा उतारा दवाखान्यातच मिळतो आणि लवकर मिळाला तर माणूस उठून बसतो.

ज्वारीत सल्फासच्या गोळ्या टाकल्यात, घरात सगळ्यांनाच मळमळतंय.

वाचणं थांबवा, आधी सगळे घराबाहेर या आणि १०८ लावा. ती गोळी हवेतल्या ओलाव्याने फॉस्फिन नावाचा वायू सोडते, त्याला लसणासारखा किंवा कुजक्या माशासारखा वास येतो, आणि त्यावर उतारा नाही. मंगळवेढ्याची ज्वारी वर्षभराची भरून ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे, कणगी किंवा पोती त्याच खोलीत, रात्री तिथेच झोपायचं, दारं बंद. ही गोळी घरगुती वापरासाठी नाहीच. ज्वारी कडक उन्हात दोनदा वाळवा, कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला, कोरड्या पत्र्याच्या कोठीत भरा.

कुणी चुकून काही प्यायलं तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवायची ना?

नाही, नाही आणि नाही. हा एक समज गेला तरी किती जीव वाचतील. रॉकेल, पेट्रोल, टर्पेंटाइन उलटून वर येताना फुप्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. संडास साफ करायचं ॲसिड जाताना जाळतं तसंच वर येताना परत जाळतं. गुंगी असलेला माणूस स्वतःच्या उलटीत गुदमरतो. आणि मिठाचं कडक पाणी लहान मुलाला पाजलं तर रक्तातलं सोडियम इतकं वाढू शकतं की मेंदूवरच बेतावं. पूर्वी उलटी करवायला इपिकॅक नावाचं सिरप दवाखान्यात असायचं, तेही आता देत नाहीत. आयुर्वेदातलं मदनफळाचं वमन ही वैद्यांच्या देखरेखीखाली, तयारी करून करायची गोष्ट आहे, विष उतरवायला घरी नाही. बोटं घालू नका, एका कुशीवर झोपवा, निघा.

पोरांनी शाळेमागच्या कुंपणावरच्या बिया खाल्ल्या, सगळ्यांना एकदम उलट्या.

मोगली एरंड असणार, चंद्रज्योत पण म्हणतात, शेंगदाण्यासारखी लागते. उलटी-जुलाब होऊन पोरं गळून जातात, सलाईनवर बहुतेक बरी होतात, पण सगळ्यांना तपासून घ्या, ज्याने "मी एकच खाल्ली" म्हटलं त्यालाही. बियांची फांदी बरोबर न्या, कारण धोतरा किंवा साधा एरंड निघाला तर उपचार वेगळे.

पितळी पातेल्यातलं ताक पिऊन मळमळतं का?

कल्हई गेलेली असेल तर हो. आपण म्हणतोच ना, कळकलं. आंबट पदार्थात तांबं उतरतं आणि पोट ते ठेवून घेत नाही. तांब्याच्या लोट्यात पाणी ठीक आहे, लिंबू सरबत नको.

मग उलटी थांबवायची गोळी सरळ घेतली तर काय बिघडलं?

एखादवेळी प्रवासात घेतली तर मोठं काही नाही. पण कारण न शोधता रोज घेतली तर आईचं झालं तसं होतं, मूळ चूक झाकली जाते. शिवाय या गोळ्याही औषधंच आहेत. डोम्पेरिडोन आणि ऑन्डान्सेट्रॉन दोन्ही हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करू शकतात, खास करून म्हाताऱ्या आणि हार्टच्या पेशंटमध्ये.

मेटोक्लोप्रामाइडचं तर एक मी समोर बघितलंय. एक बाई सोळा-सतरा वर्षांच्या पोराला घेऊन आली, मान एका बाजूला पिळवटलेली, डोळे वर फिरलेले, जीभ बाहेर, पोराला सगळं कळत होतं पण तोंडातून शब्द निघत नव्हता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. लागिर झालंय म्हणून आधी अंगारा लावून झाला होता. मी विचारलं काल काय दिलं होतं, तर उलटीचं इंजेक्शन आणि वर त्याच्याच गोळ्या. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, एक इंजेक्शन दिलं आणि अर्ध्या तासात मान सरळ. तरुण मुलांमध्ये हा परिणाम होतो, म्हणून कुठली उलटीची गोळी दिलीय तेसुद्धा लक्षात ठेवा.

घरी करायचं ते एवढंच, उलटी झाली की दहा मिनिटं थांबून ओआरएस चमच्या-चमच्याने. पाकीट बहुतेक एक लिटरचं असतं, ग्लासभर पाण्यात अख्खं ओतू नका. नसेल तर एक लिटर पाण्यात सहा छोटे सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

दवाखान्यात कधी जायचं?

उलटीत रक्त किंवा काळं, हिरवी उलटी आणि पोट फुगलेलं, सहा-आठ तास लघवी नाही, गुंगी, फार डोकं दुखून उलटी, डोळे पिवळे, बाळ दूध ओढत नाही. किंवा काही चुकीचं पोटात गेल्याचा नुसता संशय, उलटी न होता सुद्धा.

जाताना बरोबर काय न्यायचं?

पिशवी. घरातली सगळी औषधं एका पिशवीत, चालू, अर्धवट सोडलेली, शेजारणीने दिलेली, गुडघ्याची पुडी, चूर्ण, ताकदीची पावडर, आणि मिशरीची डबीही. स्ट्रिप कापून घेताना नाव आणि तारीख असलेला तुकडा तुमच्याकडे राहू द्या, दुकानदाराला तसं सांगा. कुठल्या औषधाने जास्त त्रास झाला असेल तर १८००-१८०-३०२४ या सरकारी टोल फ्री नंबरवर पेशंट स्वतःसुद्धा कळवू शकतो. मी आईच्या पिशवीत आता एक पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा ठेवलाय, गोळीचं मूळ नाव, किती, कधी, जेवणाआधी की नंतर, कुठल्या डॉक्टरांनी दिली, मोठ्या अक्षरात मराठीत आणि खाली तेलुगूत, कारण दुपारी तिच्याजवळ असते ती शेजारची अक्का आणि तिला मराठी वाचता येत नाही.